एका पॉइंटला एक रुपया

माणूस मरतो, पण संपत नाही. तो मागे उरतो, बोलतो, आणि आपल्याला त्याचं ऐकावं लागतं. जगातल्या थोर थोर लोकांना हे कळायला जन्म घालवावे लागले. मला ते एका मेसेजवरून कळलं.

रघुनाथ गायधनीच्या दहाव्याची गोष्ट. अकरा वर्षं झाली. रामकुंडावर सकाळी पावणेनऊला आम्ही पिंडासमोर हात जोडून उभे होतो आणि माझ्या खिशात रघूचा फोन वाजला. त्याच्या मुलाने, हेमंतने, तो त्याच सकाळी माझ्याकडे दिला होता. "काका, कपाटात सारखा वाजतोय. तुम्ही सांभाळा." मी चष्मा वर करून मेसेज वाचला.

"प्रिय रघुनाथ, आपल्या क्रेडिट कार्डावर ८८,६४० पॉइंट आपली वाट पाहत आहेत. चला, प्रवासाला निघा!"

रघूला निघून दहा दिवस झाले होते. मला खटकला तो आकडा. रघूचे पॉइंट एक लाख बारा हजार सहाशे चाळीस होते. आमच्या जेल रोडच्या कॉलनीत हा आकडा न ऐकलेला माणूस नव्हता. मग चोवीस हजार गेले कुठे?

समोर कठड्यावर एक कावळा बसला होता. पिंडाकडे पाहायचा, चोच कठड्याला पुसायचा आणि मान दुसरीकडे फिरवायचा.

"काही इच्छा राहिली असेल तर बोला," गुरुजी म्हणाले. "मोठ्याने बोला. आत्मा अडकलेला असतो."

हेमंत पुढे झाला. पुण्याला ऑडिटच्या कामात असलेला, व्यवस्थित भांगाचा मुलगा. "बाबा, आईला मी सांभाळीन. तिला काही कमी पडू देणार नाही."

कावळ्याने चोच पुसली.

"बाबा, गावच्या, पळशाच्या जमिनीचं सख्ख्या काकांशी भांडण मिटवीन."

कावळा दोन पावलं मागे सरकला.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "अजून तीन यजमान खोळंबलेत. दर्भाचा कावळा करून टाकू का?"

आणि मी, शिवराम आवारे, निवृत्त सुपरवायझर, वय वर्षं सहासष्ट, चारचौघांत देव-धर्माची टिंगल करणारा माणूस, पुढे झालो आणि मोठ्याने म्हणालो, "रघ्या, तुझे पॉइंट मी वाया जाऊ देणार नाही. पुरेपूर भावाने वापरीन. पॉइंटला रुपया! त्याखाली एक पैसा नाही."

कावळा सरळ पिंडावर आला.

"झालं," गुरुजी म्हणाले आणि ओलं धोतर सावरत पुढच्या यजमानाकडे गेले. हेमंत माझ्याकडे बघत राहिला. मी पिंडाकडे बघत होतो. कावळा खात होता, पण त्याचा एक डोळा माझ्यावर होता. हे मी आजही शपथेवर सांगेन.

*

रघू आणि मी नाशिक रोडला नोटा छापायच्या कारखान्यात पस्तीस वर्षं एकाच हॉलमध्ये होतो. रोज डोळ्यांसमोरून एवढा पैसा गेला, की नोट दिसली की आम्हाला फक्त शाई नीट बसली आहे का एवढंच दिसायचं. घरी निघताना झडती व्हायची. "आयुष्यभर पैसा पाहिला, पण खिशात घालता आला नाही," रघू म्हणायचा. "आता असा पैसा जमवणार, जो कुणाला दिसणारच नाही."

निवृत्तीनंतर त्याने क्रेडिट कार्ड घेतलं. ज्याचे पॉइंट कधी मुदत संपून बुडत नाहीत, असं शोधून शोधून घेतलं. त्यानंतर नऊ वर्षं कॉलनीत कुणाचा फ्रिज बिघडला की रघूच्या चेहऱ्यावर तेज यायचं. "रोख मला दे, कार्ड मी घासतो." लग्नाच्या बस्त्याला तो न बोलावता हजर. साड्या कुणाच्या, नवरी कुणाची, पण गल्ल्यापाशी हा उभा. त्याच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरला त्याने पहिला प्रश्न विचारला, "इथे कार्ड चालतं ना?"

पण जमवलेल्या पॉइंटातला एकही त्याने कधी खर्च केला नाही. त्याचा एक सिद्धान्त होता आणि मी त्याचा एकुलता एक शिष्य.

"आवाऱ्या, पॉइंट म्हणजे बियाण्याचा दाणा. चक्कीवाल्याला विकलास तर माती. कॅटलॉगमधून मिक्सर घेतलास तर पॉइंटला वीस पैसे पडतात. कपड्याचं कूपन घेतलंस तर पंचवीस. आणि विमानाच्या पुढच्या, रुंद खुर्चीचं तिकीट घेतलंस तर? एक रुपया! मूर्ख मिक्सर घेतो."

मिक्सर हा शब्द तो मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, कारण आत विमलवहिनी असायच्या. त्यांच्या मिक्सरच्या झाकणाचा खटका केव्हाच तुटला होता. झाकण वरून दाबून धरलं नाही तर ते उडायचं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतावर कोथिंबिरीचे हिरवे ठिपके होते. मग आतून हाक यायची, "अहो, झाकण धरा!" आणि पॉइंटला रुपया मिळवणारा हा माणूस उठायचा, आत जायचा, दोन्ही हातांनी झाकण दाबून उभा राहायचा.

"विमानाने जायचं तरी कुठे?" वहिनी विचारायच्या.

"जिथे भाव चांगला तिथे."

एका वर्षी सिंगापूर होतं. मग इस्तंबूल झालं. मध्ये नैरोबीचा भाव चढला होता.

"तिथे आपलं कोण आहे?" वहिनी म्हणाल्या.

"आपले पळशात आहेत, म्हणून काय पळशाला विमानाने जायचं?"

तर असा रघू. कुठेच न जाता, एका रविवारी सकाळी दूध तापवताना गेला.

*

रामकुंडावरून परत आल्यावर हेमंत तेराव्याचं सामान सांगायला बाजारात गेला. वहिनी स्वयंपाकघरात ताट घेऊन तांदूळ निवडत होत्या. मी बाहेरच्या खोलीत, रघूच्या खुर्चीत, रघूचा फोन घेऊन बसलो. पाकिटातून त्याचं कार्ड काढलं. कार्डधारक मेला की पॉइंटही जातात, हा नियम मला ठाऊक होता. रघूनेच वाचून दाखवला होता. "लबाड आहेत," म्हणाला होता. "मरायचं नाही, हाच उपाय."

मी नंबर लावला. मराठीसाठी तीन दाबलं.

"नमस्कार, मी तेजल बोलतेय. रघुनाथ सर ना?"

मी फोन कानापासून हातभर लांब धरला. मशीनच्या खडखडाटात रघूचे कान गेले होते आणि फोनचा आवाज त्याने पूर्ण वाढवून ठेवला होता. देवळातला भोंगा कानात घातल्यासारखं झालं. तो कमी कसा करायचा ते मला सापडेना.

"हो, रघुनाथच," मी म्हणालो.

"बऱ्याच दिवसांनी, सर? दर शनिवारी फोन असतो तुमचा. आणि आवाज बसलाय का?"

"सर्दी." मी खोकलो. तो खोकला रघूचा होता. तसाच कोरडा, शेवटी वर चढणारा. मी तो ठरवून काढला नव्हता.

"नियमाप्रमाणे विचारते हं, सर. जन्मतारीख?"

"एक जून." ही अडचण नव्हती. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तर सगळ्यांना एक जूनलाच जन्माला घालायचे. माझीही तीच आहे.

"आईचं नाव?"

मी फोनवर हात ठेवला. "वहिनी! तुमच्या सासूबाईंचं नाव काय हो?"

"सखूबाई. का?"

"उगाच." हात काढला. "सखूबाई."

"सर, आईचं नाव घरात विचारावं लागलं?"

"लग्नाआधीचं हवं का नंतरचं, ते विचारत होतो."

ती हसली. चांगली मुलगी होती. मी मुद्द्यावर आलो. "चोवीस हजार पॉइंट कमी दिसतायत. कुठे गेले?"

"सर, अठ्ठेचाळीसशेचा मिक्सर नाही का मागवलात तुम्ही?"

"मिक्सर?"

"गेल्या वेळच्या फोनवर. डिलिव्हरीच्या माणसाला पत्ता सापडला नाही. त्याने चार वेळा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. म्हणून तो गोदामात परत आलाय. बरं झालं फोन केलात. परत पाठवू, की रद्द करू? आजच सांगावं लागेल."

चोवीस हजार पॉइंट. मिक्सर अठ्ठेचाळीसशेचा. डोक्यात भागाकार व्हायला वेळ लागला नाही, नऊ वर्षं तोच शिकलो होतो. पॉइंटला वीस पैसे.

माझी खात्री पटली की रघूच्या हातून काहीतरी चूक झाली. वय झालं होतं, ऐकू येत नव्हतं, काहीतरी वेगळंच बोलला असेल. शुद्धीवर असलेला रघू हे करणं शक्य नव्हतं. आणि दोनच तासांपूर्वी मी नदीकाठी शब्द दिला होता. कावळ्याने तो घेतला होता.

"रद्द कर," मी म्हणालो.

"नक्की, सर?"

"वीस पैशांना पॉइंट देतो होय मी, पोरी?"

हे वाक्य रघूचं होतं. आवाजही रघूचा होता. मी नुसतं तोंड उघडलं होतं.

आत तांदळाची सळसळ थांबली. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

"झालं सर, रद्द केलं. पॉइंट सात कामकाजी दिवसांत परत जमा होतील. मग तुमचं विमान." टकटक ऐकू आली. मग ती जरा हळू म्हणाली, हळू म्हणजे त्या फोनवर जितकं हळू शक्य होतं तितकं, "आणि हात कसा आहे आता?"

"कुठला हात?"

"डावा. अहो, मी तुम्हाला भाव सांगायला लागले, सर, पॉइंटला वीसच पैसे पडतायत, तुम्हीच नेहमी ओरडता म्हणून. तर तुम्ही म्हणालात, भाव नको सांगूस. झाकण आपोआप बसतं का, तेवढंच सांग. माझा डावा हात हल्ली भरून येतो, झाकण धरवत नाही. उद्या मी नसलो तर हिचं झाकण कोण धरणार? मी म्हटलं, सर, आधी डॉक्टरांना दाखवा. तुम्ही म्हणालात, सोमवारी दाखवतो."

रविवारी सकाळी तो गेला होता.

मी वर पाहिलं. समोरच्या भिंतीवर रघूचा कारखान्याच्या निरोपसमारंभातला हार घातलेला फोटो होता, आणि त्यावर आता दुसरा हार होता.

"सर? दाखवलंत ना?"

"ते परत चालू कर," मी म्हणालो. "तो मिक्सर."

"रद्द झालेलं परत चालू नाही होत, सर. पॉइंट जमा झाले की नव्याने मागवा. सात दिवसांचाच तर प्रश्न आहे. काळजी घ्या, हं."

ती काळजी रघूसाठी होती. मी उगाच घेतली.

*

हेमंतला मी परोपरीने सांगितलं. "बँकेत कळवायची घाई नको. आठवडाभर थांब."

"का, काका?"

"सुतक फिटू दे."

"सुतकाचा आणि बँकेचा काय संबंध? उलट बाबांच्या नावाने कुणी कार्ड वापरलं, तर? फौजदारी गुन्हा आहे तो. फोनवर कुणी बाबा असल्याचं सोंग केलं तरी!"

"असे लोक असतात?" मी म्हणालो.

"तुम्हाला कल्पना नाही, काका, लोक किती खालच्या थराला जातात."

तेरावं झालं, त्याच दिवशी दुपारी हेमंतने मृत्यूचा दाखला बँकेत दिला. कार्ड बंद. पॉइंट शून्य. मिक्सर नाही, विमान नाही. एका पॉइंटला रुपयाही नाही, वीस पैसेही नाहीत.

महिन्याभराने मी माझ्या पैशांनी एक मिक्सर घेतला आणि वहिनींकडे गेलो. हा रघूने मागवला होता, असं म्हणायचं पुन्हा पुन्हा ठरवलं होतं. पण तसं म्हटलं की मग तो आला का नाही, कुणी थांबवला, हेही निघणार. दारात उभं राहून म्हणालो, "सहज घेतला."

वहिनींनी खोक्यावरून हात फिरवला. "ह्यांनी आणला असता तर ठेवला असता, भावजी," त्या म्हणाल्या, आणि तो पुण्याला सुनेकडे पाठवून दिला.

जुनाच मिक्सर राहिला. रघूच्या जागी वरवंटा आला. झाकणावर तो ठेवायचा आणि बटण दाबायचं.

रघूचं कार्ड बंद झालं, पण शुभेच्छा बंद झाल्या नाहीत. वहिनींनी तो नंबर चालू ठेवला आहे. दर एक जूनला त्यावर दीर्घायुष्य चिंतणारा मेसेज येतो आणि त्या तो मला वाचायला लावतात. माझा वाढदिवस असल्यामुळे मला फराळाला बोलावलेलं असतं.

आणि कावळा. तो माझ्या गॅलरीच्या गजावर येतो. रोज नाही, पण आला की पावणेनऊला. कावळे पुष्कळ असतात, तो तोच कशावरून, असं माझ्या मुलीने विचारलं. बरोबर आहे. मी त्याला पोळी घालतो, भात घालतो, एकदा तर श्रीखंड घातलं. चिमण्या खातात, खारी खातात. त्याने माझ्या हातचं अकरा वर्षांत शिवलेलं नाही. चोच गजाला पुसतो आणि एका डोळ्याने बघत राहतो.

शिवाय हात. माझा डावा हात त्या दुपारपासून भरून येतो. फोन उचलताना जास्त. कार्डिओग्राम काढून झाले, पट्ट्यावर पळवून झालं, मानेचे फोटो झाले. यंदा एप्रिलमध्ये नव्या डॉक्टरने सगळे कागद पाहिले, बाजूला ठेवले आणि म्हणाला, "आजोबा, हाताला काही झालेलं नाही. मनात काही राहिलं असेल तर बोलून टाका."

रामकुंडावरच्या गुरुजींचंच वाक्य. फक्त याची फी बाराशे होती.

*

एक जूनला फराळाला गेलो. वहिनी आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, पण लसूण सोलताना चष्मा लावत नाहीत. रघूच्या फोनवरचा मेसेज मी वाचून दाखवला. मग फोन खाली ठेवला नाही. तसाच हातात धरून सगळं सांगितलं. कावळा, सखूबाई, चोवीस हजार, वीस पैसे. रद्द कर, म्हणालो ते. झाकण आपोआप बसतं का, ते. डावा हात, ते.

वहिनींनी एक पाकळी सोलली, वाटीत टाकली.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? ह्यांच्या फोनवरचं बोलणं शेजारच्या बिल्डिंगला ऐकू जायचं. मी तर आत तांदूळ निवडत होते."

मी खुर्चीत मागे टेकलो. "मग अकरा वर्षं बोलला का नाहीत?"

"आधी राग आला. तुमचं तोंड बघू नये, असं वाटलं, खोटं कशाला बोलू. तुम्ही तो मिक्सर घेऊन आलात ना, तेव्हा तर तुमच्याच डोक्यात घालावा असं आलं मनात." त्यांनी दुसरी पाकळी घेतली. "मग एक दिवस वरवंटा ठेवताना सुचलं. समजा, तो मिक्सर आला असता. खोकं आलं असतं. मी म्हटलं असतं, आणलात एकदाचा, नऊ वर्षांनी. संपलं. ह्यांनी तो कसा मागवला, त्या पोरीला काय म्हणाले, ते मला कोण सांगणार होतं?"

मी फोन खाली ठेवला.

"भाव नको सांगूस, म्हणाले," वहिनी म्हणाल्या आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले. लसणाच्या हातांनी टिपले, त्यामुळे ते जास्तच वाहायला लागले. "हे! हे म्हणाले, भाव नको सांगूस!"

खिडकीच्या गजावर काहीतरी बसल्यासारखं वाटलं. मी तिकडे पाहिलं नाही.

वहिनी उठल्या. लसूण, खोबरं, तिखट भांड्यात टाकलं, भांडं मिक्सरवर बसवलं. छतावर अकरा वर्षांपूर्वीचे हिरवे ठिपके होते, आता काळे पडलेले.

"झालं का तुमचं सांगून? मग उठा," त्या म्हणाल्या. "वरवंटा सरकतो हल्ली. जरा झाकण धरा. उजव्या हाताने."